रशियन क्रांतीतला दारूवरचा सरकारी ताबा : कागदपत्रांतून कसा उलगडावा

1914 ला बंदी आली, 1925 ला उठली. रशियातल्या दारूबंदीबद्दल बहुतेक लेखांत एवढेच मिळते. ते खोटे नाही, पण त्यावर पुढे काही बांधता येत नाही. या अकरा वर्षांत झारचे सरकार गेले, हंगामी सरकार आले आणि गेले, बोल्शेविकांचे राज्य आले. तिघांनीही दारू बंद म्हटले, आणि प्रत्येक वेळी बंद झालेली गोष्ट वेगळी होती. लेख, व्याख्यान किंवा प्रबंधातले प्रकरण लिहायचे असेल तर नेमके काय बंद झाले, कुठे, कोणत्या अंशापर्यंत आणि ते कोणी राबवले, हे कागदावरून काढावे लागते. ती पद्धत पुढे दिली आहे.

कामाचा तक्ता

वाचायला लागण्याआधी एक तक्ता आखून घ्या. आडव्या ओळीत मालाचा प्रवास मांडा: शेतातले धान्य, भट्टी, कोठार, दुकान, पिणारा आणि शेवटी तिजोरी. उभ्या ओळीत तारखा येतील. हातात येणारा प्रत्येक हुकूम, बातमी किंवा आकडा यांपैकी कोणत्या खान्यात बसतो ते ठरवूनच नोंदवा. एखादी नोंद दोन खान्यांत बसते असे वाटले तर बहुतेक वेळा ती नोंद नीट वाचलेली नसते. मूळ मजकुराकडे परत जा.

हा खटाटोप अशासाठी की "बंदी" हा शब्द सगळे खाने झाकून टाकतो. दुकान बंद झाले म्हणजे भट्टी बंद झाली असे नाही. भट्टी बंद झाली तरी कोठारात माल असतोच. आणि कोठार रिकामे झाले तरी शेतकऱ्याच्या घरी धान्य आहे तोवर दारू आहे. रशियातली प्रत्येक मोठी गडबड या खान्यांमधल्या फटीतून झाली.

"वाइन" म्हणजे वाइन नव्हे

भाषांतरातली सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते. जुन्या रशियन सरकारी कागदांत "विनो" हा शब्द धान्यापासून गाळलेल्या दारूसाठी सर्रास येतो. "ख्लेब्नोये विनो" म्हणजे शब्दशः भाकरीची वाइन, प्रत्यक्षात व्होडका. "स्तोलोवोये विनो", म्हणजे जेवणाची वाइन, हीसुद्धा व्होडकाच. तेही चांगल्या प्रतीची, जास्त शुद्ध केलेली. "विन्नाया मोनोपोलिया" हा व्होडकाचा सरकारी मक्ता. म्हणून "वाइनची दुकाने बंद" असे वाक्य आले की आधी विचारा: द्राक्षाची की धान्याची? 1919 च्या हुकुमात द्राक्षाच्या वाइनला सूट आहे, त्यामुळे हा घोळ झाला तर अख्खा अर्थ उलटा होतो.

"सुखोय झाकोन", म्हणजे कोरडा कायदा, हे लोकांनी वापरलेले नाव आहे. त्या नावाचा एकच एक कायदा शोधत बसू नका. अनेक हुकुमांच्या गठ्ठ्याला ते चिकटले आहे.

मापे आणि तारखा

द्रवाचे मूळ माप वेद्रो, म्हणजे बादली: 12.3 लिटर. धान्याचे माप पूद: 16.38 किलो. "बाटली" हे माप मात्र फसवे आहे. व्होडकाची बाटली वेद्रोचा विसावा भाग, म्हणजे 615 मिलिलिटर. द्राक्षाच्या वाइनची बाटली सोळावा भाग, म्हणजे सुमारे 769 मिलिलिटर. आकडा बाटल्यांत असेल आणि माल कोणता ते लिहिलेले नसेल, तर लिटरमध्ये रूपांतर करू नका. मूळ आकडा तसाच ठेवा. वेद्रोचा चाळिसावा भाग "सोरोकोव्का", शंभरावा "सोत्का". सोत्का म्हणजे 123 मिलिलिटर, आणि गरीब गिऱ्हाइकाचे खरे माप हेच होते.

"अंश" या शब्दाचे दोन अर्थ येतात. बाटलीवरचा 40 अंश म्हणजे शंभरात चाळीस भाग मद्यार्क. अबकारी खात्याच्या वहीतला अंश मात्र प्रमाण आहे: एका वेद्रोचा शंभरावा भाग शुद्ध मद्यार्क. म्हणजे 40 टक्क्यांच्या एका वेद्रोत खात्याच्या हिशेबाने 40 अंश. महायुद्धाआधी अबकारी दर एका अंशाला 11 कोपेक होता. 40 गुणिले 11, म्हणजे वेद्रोमागे 4 रूबल 40 कोपेक. त्याच काळात साध्या व्होडकाची सरकारी किंमत वेद्रोला 8 रूबल 40 कोपेक होती. अर्ध्याहून अधिक किंमत कराचीच. बाटली 42 कोपेकला, सोरोकोव्का 21 कोपेकला पडे. हे एकदा हाताने मांडून पाहा. मंत्र्यांची भाषणे वाचताना त्यांच्या पोटातली भीती कुठली होती ते कळते.

तारखांत 13 दिवसांचा फरक धरा. रशियात 31 जानेवारी 1918 नंतरचा दिवस 14 फेब्रुवारी 1918 असा मोजला गेला. त्याआधीचे सगळे रशियन कागद जुन्या पंचांगाचे. 1917 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये घटना इतक्या दाटीने घडतात की एक जुनी तारीख आणि एक नवी तारीख शेजारी ठेवली तर कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते. तक्त्यात दोन्ही तारखा लिहा, तिरकी रेघ मारून: 6/19 डिसेंबर 1917, अशा.

आधीची यंत्रणा समजल्याशिवाय पुढे जाऊ नका

1914 चा हुकूम एका दिवसात का लागू झाला, हे विट्टेच्या मक्त्याशिवाय कळत नाही. अर्थमंत्री सेर्गेई विट्टे यांनी 1895 पासून व्होडकाची विक्री सरकारच्या हाती घ्यायला सुरुवात केली. पहिल्यांदा पेर्म, उफा, ओरेनबुर्ग आणि समारा हे चार पूर्वेकडचे प्रांत, मग टप्प्याटप्प्याने बाकीचे. भट्ट्या खासगीच राहिल्या. त्यातल्या कितीतरी जमीनदारांच्या मळ्यांवर होत्या, बटाटे आणि धान्य वापरणाऱ्या; उरलेला चोथा गुरांना जाई. कच्चा मद्यार्क सरकार विकत घेई, सरकारी कोठारात तो शुद्ध होई, पाणी घालून 40 अंशांवर आणला जाई, बाटलीत भरून लाखेने बंद होई आणि सरकारी दुकानात जाई. साध्या मालाला तांबडी लाख, जास्त शुद्ध केलेल्या मालाला पांढरी. लोक दुकानाला "कझ्योन्का" म्हणत, म्हणजे सरकारी.

दुकानात प्यायला मनाई होती. नियम करणाऱ्याला वाटले की माणूस बाटली घरी नेईल आणि जेवताना पिईल. माणूस दाराबाहेर पडला, बाटलीच्या बुडावर तळवा हाणून बूच उडवले, आणि रस्त्यावरच प्याला. गुत्त्यातले पिणे रस्त्यावर आले, एवढेच घडले. पुढच्या सगळ्या हुकुमांत हाच धडा वेगवेगळ्या रूपात भेटतो, म्हणून तो इथेच लक्षात ठेवा: विक्रीची जागा बदलून पिण्याची सवय बदलत नाही.

या यंत्रणेतला कोठाराचा खाना तक्त्यावर ठळक करून ठेवा. प्रांताप्रांतांत सरकारी मद्यार्काची मोठी पक्की कोठारे उभी होती. 1914 ला दुकाने बंद झाली. कोठारे होती तिथेच राहिली.

हुकूम कसा वाचावा

प्रत्येक हुकुमाला सहा प्रश्न विचारा. काढला कोणी आणि त्याची हुकमत प्रत्यक्षात कुठवर चालत होती? मालाच्या प्रवासातला कोणता खाना त्याने अडवला? किती अंशांपर्यंत? सूट कोणाला? शिक्षा काय? आणि राबवणारा हात कोणाचा, पोलिसाचा, सैनिकाचा की गावसमितीचा?

झारच्या हुकुमावर हे लावून पाहू. जुलै 1914 मध्ये सैन्याच्या जमवाजमवीबरोबर विक्री थांबवली गेली. हा नेहमीचा लष्करी उपाय होता, काही दिवसांपुरता. तरीही बोलावणे आलेल्या राखीव सैनिकांनी अनेक ठिकाणी दारूची दुकाने आणि कोठारे फोडली. सायबेरियातल्या बर्नाउलमधली दंगल त्यात मोठी. 22 ऑगस्टला (नवी तारीख 4 सप्टेंबर) ही बंदी युद्ध संपेपर्यंत वाढवली गेली. अडवला गेलेला खाना फक्त दुकान. पहिल्या दर्जाच्या उपाहारगृहांना आणि क्लबांना सूट होती. बिअर आणि वाइनचे काय करायचे, हे ठरवायला ऑक्टोबरपासून नगरसभा आणि स्थानिक संस्थांना वाव मिळाला, म्हणून एका शहराचा नियम दुसऱ्या शहराला लावता येत नाही. भट्ट्यांचे काम पूर्ण थांबले नाही आणि थांबणे शक्यही नव्हते: धूरविरहित दारूगोळा तयार करताना मद्यार्क आणि ईथर यांचे मिश्रण लागते, आणि रुग्णालयांना मद्यार्क हवाच असतो. म्हणजे श्रीमंताची मेजवानी चालू, कारखाने चालू, आणि बंद झाली ती सोत्का. या सुटीचा राग सैनिकांच्या आणि कामगारांच्या मनात होता. 1917 च्या हिवाळ्यात दारूची तळघरे फुटली तेव्हा तो दिसला.

मार्च 1917 मध्ये हंगामी सरकारने पिण्यासाठी कडक दारू विकण्याची मनाई कायम ठेवली. इथे फार वेळ घालवू नका. मजकूर सुव्यवस्थित आहे, राबवणारा हात नाही. जुने पोलीस खाते मोडलेले होते. "कोणाचा हात" हा खाना रिकामा ठेवा, आणि तो रिकामा आहे असे लेखात स्पष्ट लिहा.

बोल्शेविकांचा पहिला हुकूम पेत्रोग्रादच्या (तेव्हाची राजधानी, आजचे सेंट पीटर्सबर्ग) लष्करी क्रांतिकारी समितीचा, 8/21 नोव्हेंबर 1917 चा: दारू गाळण्यास मनाई, आणि ज्यांच्याकडे साठे आहेत त्यांनी ठिकाणे कळवावीत. भट्टी आणि कोठार हे दोन्ही खाने इथे पहिल्यांदा एकत्र अडवले गेले. हुकूम योग्य ठिकाणी बोट ठेवतो. पण ठिकाणे कळवा म्हटले की ती ठिकाणे इतरांनाही कळतात.

19 डिसेंबर 1919 चा जनकमिसार परिषदेचा, म्हणजे बोल्शेविक मंत्रिमंडळाचा, हुकूम या गठ्ठ्यातला सगळ्यात महत्त्वाचा. बेकायदा मद्यार्क गाळणाऱ्याला किमान 5 वर्षे कैद आणि मालमत्ता जप्त. द्राक्षाची वाइन 12 अंशांपर्यंत चालेल. बरेच लोक इथे "संपूर्ण बंदी" लिहितात. 12 अंशांची ओळ वाचलेली नसते. आणि "कुठवर" हा प्रश्न विसरू नका: 1919 मध्ये रशियाचा मोठा भाग या सरकारच्या हाती नव्हता. सायबेरियात बोल्शेविकविरोधी अॅडमिरल कोल्चाकच्या सरकारने दारूच्या सरकारी विक्रीतूनच पैसा उभा केला. एकाच वर्षी, एकाच देशात, एकीकडे कैद आणि दुसरीकडे सरकारी दुकान. नकाशा न काढता "1919 मध्ये रशियात" असे वाक्य लिहू नये.

साठा: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

क्रांतीच्या काळातल्या दारूच्या इतिहासात हुकुमांवर ढीगभर लिहिले जाते आणि साठ्यावर चार ओळी. प्रमाण उलटे हवे. रस्त्यावर माणसे मेली ती साठ्यामुळे.

25 ऑक्टोबरच्या (7 नोव्हेंबर) रात्री हिवाळी राजवाडा पडला, आणि त्याबरोबर झारच्या दारूची तळघरे नव्या सत्तेच्या हाती आली. पुढचे काही आठवडे पेत्रोग्रादमध्ये तळघरे, व्यापाऱ्यांची गोदामे आणि कोठारे फोडण्याचे सत्र चालले. रशियन लेखनात त्याला "दारूच्या दंगली" म्हणतात. घटनाक्रम मांडताना पहारा, नाश आणि लष्करी बळ हे तीन उपाय वेगवेगळे ठेवा, कारण पहिले दोन वेगवेगळ्या कारणांनी फसले.

पहारा आधी फसला. राजवाड्यावरच्या हल्ल्यातले बोल्शेविक नेते व्लादिमीर अँतोनोव-ओव्सेयेन्को यांनी आठवणींत लिहिले आहे की राजवाड्याच्या तळघरावर प्रेओब्राझेन्स्की रेजिमेंटचे सैनिक ठेवले तर तेच प्याले, दुसऱ्या तुकड्या आणल्या तर त्याही प्याल्या, आणि रस्त्यावरच्या गर्दीला पांगवायला आलेले त्यात सामील झाले. यात सैनिकांच्या नीतीवर घसरण्याआधी व्यवस्था बघा. दार फोडलेले, जुने अधिकारी गेलेले, तुकडीची शिस्त समितीच्या मतदानावर चाललेली, तीन वर्षे दुकाने बंद आणि समोर राजाची दारू. पहारेकऱ्याला तिथे ठेवणे म्हणजे पहिला गिऱ्हाईक तिथे ठेवणे.

मग नाश. बाटल्या फोडल्या तर तळघरात वाफा कोंडतात. फोडणारेच झिंगतात, काचांवर पडतात. अग्निशामक दलाने तळघरात पाणी सोडले तर पाणी, दारू आणि काचा यांत माणसे अडकतात, आणि काही बुडालीही. नाल्यातून दारू वाहिली तर गर्दी नाल्याशी जमते. बोल्शेविक नेते ट्रॉट्स्की यांनीही लिहिले आहे की दारू नाल्यांतून नेवा नदीकडे वाहत होती आणि पिणारे ती तिथून उपसत होते. रात्रीच्या वेळी, विश्वासू आणि छोट्या तुकडीकडून, आधी परिसर रिकामा करून केलेला नाश त्यातल्या त्यात निभला. अशा नोंदी वाचताना वेळ, तुकडी आणि गर्दी या तीन गोष्टी हुडका; यश-अपयश बहुतेक तिथेच ठरते.

शेवटी लष्करी बळ. पेत्रोग्राद सोव्हिएतने, म्हणजे कामगार-सैनिकांच्या प्रतिनिधींच्या सभेने, दंगलींविरुद्ध खास समिती नेमली, तिची सूत्रे व्लादिमीर बोंच-ब्रुयेविच यांच्याकडे होती. 6/19 डिसेंबरला शहरात वेढ्याची स्थिती जाहीर झाली आणि गिओर्गी ब्लागोन्रावोव यांना खास अधिकार मिळाले. दुसऱ्याच दिवशी, 7/20 डिसेंबरला, चेकाची, म्हणजे बोल्शेविकांच्या गुप्त पोलीस दलाची, स्थापना झाली. या दोन तारखा शेजारी दिसल्या की "दारूमुळे चेका जन्मली" असे लिहिण्याचा मोह होतो. तो आवरा. चेकाच्या स्थापनेमागे सरकारी नोकरांचा संप आणि प्रतिक्रांतीची भीती होती. दारूच्या दंगलींनी शहरातली हवा तापवली होती, इतकेच पुराव्यानिशी म्हणता येते.

या प्रकरणाचे आकडे वापरताना हात आखडता घ्या. राजवाड्यातल्या दारूची किंमत आठवणींत मोठमोठ्या रकमांत येते, आणि त्या रकमा एकमेकींशी जुळत नाहीत. साठ्याची यादी समोर नसेल तर रक्कम लिहू नका. कोणत्या तुकडीने काय केले हे लिहा.

धान्य आणि हातभट्टी

शहरातून गावाकडे वळलात की तक्त्याचा पहिला खाना भरायला लागतो. हातभट्टीच्या दारूला रशियन शब्द "समोगोन", म्हणजे स्वतः गाळलेली. 1914 नंतरच्या पहिल्या दोन वर्षांत शहरांत आधी पर्यायी विषे दिसतात: जळाऊ मद्यार्क, फर्निचरचे पॉलिश, वार्निश, कोलोन. समोगोनचा पूर मागून, 1917 पासून येतो. हा क्रम सोडू नका, कारण त्यामागचे कारण वेगळे आहे.

कारण असे. युद्धात आणि यादवीत रूबलची किंमत कोसळली. धान्य विकून मिळणाऱ्या नोटांनी काही घेता येईना, आणि सरकारने ठरवलेल्या भावाने धान्य देणे म्हणजे फुकट देणे झाले. तेच धान्य गाळले तर हातात आला असा माल जो नासत नाही, लपवता येतो, थोडा वाहून नेला तरी मोलाचा असतो आणि नोटेऐवजी चालतो. जळण, मजुरी, लग्न, अधिकाऱ्याची मर्जी, सगळे बाटलीत चुकते होई. समोगोन म्हणजे केवळ व्यसन असे मांडले तर यातले निम्मे सुटते.

किती धान्य जाते याचा अंदाज स्वतः काढता येतो. एका किलो स्टार्चपासून पुस्तकी कमाल सुमारे 0.7 लिटर शुद्ध मद्यार्क मिळतो. राय धान्यात निम्म्याहून थोडा अधिक स्टार्च धरा. एका पूदमध्ये, म्हणजे 16.38 किलोत, साधारण 9 किलो स्टार्च. पुस्तकी उत्पन्न सहा लिटरच्या आसपास शुद्ध मद्यार्क. घरातल्या भांड्यावर एवढे कधीच निघत नाही: रसायन थंडीत अर्धवट आंबते, वाफ गळते, थंड करण्याची सोय तोकडी असते. म्हणून एखाद्या अहवालात पूदमागे पुस्तकी कमालीइतके किंवा त्याहून अधिक उत्पन्न दिसले तर एकतर दारू फार पातळ आहे किंवा आकडा फुगवलेला. अहवाल लिहिणाऱ्याला गावाने किती धान्य "नासवले" हे दाखवायचे असते. त्याचा हेतू बाजूला काढून मगच आकडा घ्या.

शिक्षेच्या बाजूला मे 1918 चा अन्नधान्याचा हुकूम पाहा. जादा धान्य न देणारे आणि धान्याची समोगोन करणारे, दोघांनाही "जनतेचे शत्रू" ठरवून किमान 10 वर्षे कैद आणि मालमत्ता जप्तीची शिक्षा त्यात आहे. दारूचा गुन्हा इथे धान्याच्या गुन्ह्यात गणला गेला. शहरे उपाशी होती म्हणून. 1918 चा 10 वर्षांचा आकडा आणि 1919 चा 5 वर्षांचा आकडा एकत्र पाहून शिक्षा सौम्य झाली असे घाईने लिहू नका. दोन्ही हुकूम वेगवेगळ्या गुन्ह्यांसाठी लिहिलेले आहेत. आणि कागदावरची शिक्षा गावात पोहोचली का, हे पाहायला न्यायालयाच्या नोंदी लागतात. ज्या गावात सगळेच गाळतात तिथे साक्षीदार मिळत नाही, आणि गावसमितीचा प्रमुखही त्याच गावचा असतो.

1922 च्या शेवटी आणि 1923 मध्ये मोहीम जोरात चालली. पकडलेल्या भट्ट्यांचा आकडा वाढला की समोगोन वाढली असा निष्कर्ष निघत नाही. छापे वाढले एवढाच निघतो. त्याच 1923 मध्ये कारखान्याचा माल महाग आणि धान्य स्वस्त अशी "कात्री" उघडली होती. धान्याचा भाव पडलेला असताना ते बाजारात नेण्याऐवजी गाळण्याचा कल वाढतो, म्हणून छाप्यांच्या आकड्यांशेजारी धान्याचा भाव लावून पाहा. दोन्ही रेघा एकत्र काढल्या की मोहीम कशामुळे हरत होती ते दिसते.

तिजोरीचा खाना

1913 मध्ये मक्त्याचे ढोबळ उत्पन्न सुमारे 90 कोटी रूबल होते; सरकारचा एकूण सामान्य महसूल सुमारे 342 कोटी. म्हणजे चौथ्या हिश्श्याहून थोडे अधिक. लोक याला "दारूडे अंदाजपत्रक" म्हणत. ढोबळ आणि निव्वळ यांत गल्लत करू नका: ढोबळ रकमेतून मद्यार्काची खरेदी, बाटल्या, कोठारे, दुकानदारांचे पगार वजा व्हायचे असतात. तुलना करताना दोन्ही वर्षांची एकाच जातीची रक्कम घ्या.

1914 च्या सुरुवातीला व्लादिमीर कोकोव्त्सोव यांना दूर करून प्योत्र बार्क यांना अर्थखाते देण्यात आले, तेव्हाच निकोलस दुसरा यांनी प्रजेच्या नाशावर खजिना चालू नये असे बजावले होते. हेतू खरा होता. पण एवढा चौथाई महसूल उचलून ठेवायचा तर त्याजागी दुसरे काही आधी उभे करावे लागते, आणि इथे युद्ध तोंडावर होते. साखर, तंबाखू, काडेपेटी, रॉकेल, रेल्वे यांवर कर चढले; प्राप्तिकराचा कायदा 1916 मध्ये झाला, लागू व्हायला 1917 उजाडले. मधली खिंड नोटा छापून बुजवली गेली. 1917 च्या महागाईला एकट्या दारूबंदीला जबाबदार धरू नका, युद्धाचा खर्च त्याहून कितीतरी मोठा होता. पण बंदीचा वाटा शून्य धरणेही चूक. दोन्ही रकमा शेजारी ठेवून प्रमाण लिहा.

परतीच्या पायऱ्या

बंदी एका दिवसात उठली नाही. अंशाअंशाने चढत गेली. ही मालिका तक्त्यात वेगळ्या रंगाने लिहा. डिसेंबर 1919: वाइन 12 अंश. ऑगस्ट 1921: वाइन 14 अंश. 1922: बिअर. 1923: 20 अंशांपर्यंतची पेये. डिसेंबर 1924: 30 अंशांची दारू, जिला लोकांनी तेव्हाचे सरकारप्रमुख अलेक्सेई रीकोव यांच्या नावावरून "रीकोव्का" म्हटले. ऑगस्ट 1925 चा हुकूम आणि ऑक्टोबरपासून 40 अंशांची सरकारी व्होडका.

प्रत्येक पायरीला त्या वेळची आर्थिक नोंद जोडा. 1921 ला नवे आर्थिक धोरण आणि खुला बाजार. त्याच वर्षी मे महिन्यात लेनिन यांनी व्होडकाचा व्यापार फायद्याचा असला तरी तो आपल्याला भांडवलशाहीकडे मागे नेईल, असे पक्षाच्या परिषदेत सांगितले होते. ऑगस्टमध्ये वाइन खुली झाली. यात विसंगती दाखवण्याआधी वर सांगितलेला वाइन-व्होडका फरक आठवा. 1922 ते 1924 या काळात सोन्याचा आधार असलेले नवे चलन, चेर्वोनेत्स, स्थिर केले गेले. स्थिर चलनात नोटा छापून तूट भरता येत नाही. रीकोव्का 1924 च्या शेवटी आली ती या जागी. 1927 मध्ये स्टालिन यांनी परदेशी कामगारांच्या शिष्टमंडळाला हेच कारण उघड सांगितले: परदेशी भांडवलदारांचे कर्ज की व्होडका, यांतून व्होडका निवडली.

1925 च्या नोंदी वाचताना समोगोनवर लक्ष ठेवा. सरकारी व्होडका आली की हातभट्टी मरेल हा युक्तिवाद हुकुमांसोबत फिरत होता. गावात तसे झाले नाही. सरकारी बाटली रोख रूबल मागत होती आणि समोगोनला घरचेच धान्य पुरे होते. म्हणून 1925 नंतरची दोन-तीन वर्षे तक्त्यात जरूर घ्या, आणि शहर व गाव यांचे खाने तिथून पुढे वेगळे आखा.